थुंकी तपासणाऱ्या मुलाला आलेला नकार

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या ट्रस्टचे आधारस्तंभ आणि कुणाच्या साखरपुड्याला गेले तरी तिथं दवाखान्याचाच विषय काढणारे आदरणीय काकासाहेब. पुण्याहून आणि नगरहून मुद्दाम वेळ काढून आलेले व्यासपीठावरचे सन्माननीय डॉक्टर पाहुणे. ज्यांना निरोप द्यायला आपण सगळे इथं जमलो त्या, पुण्याला परत निघालेल्या सत्कारमूर्ती डॉ. जयमाला लिमये मॅडम. आमच्या सर्व सिस्टर, वॉर्डातले मामा आणि मावश्या. आणि समोर बसलेल्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो.

मला पाच मिनिटं दिली आहेत. त्यातलं एक आत्ताच संपलं. तरी मी सावकाश बोलणार आहे, कारण या दवाखान्यात माझ्या हातात पहिल्यांदाच माइक आलाय आणि तो परत मिळेल याची मला खात्री नाही.

मी नितीन भिंगारदिवे. मागच्या बाजूला, बाभळीखाली जी खोली आहे, त्या प्रयोगशाळेत मी असतो. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलेलं नसेल. मीही तुम्हाला चेहऱ्यानं ओळखत नाही. मी माणसं ओळखतो ती छोट्या डबीतल्या बेडक्यावरून, दुर्बिणीखाली. यापुढं तपशील सांगत नाही, कारण बाहेर जिलेबी तळायला घेतली आहे.

आता सत्कारमूर्तींबद्दल. मॅडमच्या पदव्या सूत्रसंचालकांनी वाचल्या, पुरस्कार पाहुण्यांनी सांगितले. माझ्याकडं सांगायला उरलं काय? एकच गोष्ट. मॅडमनी मला या जिल्ह्यात जितक्या ठिकाणी नवरामुलगा म्हणून फिरवलं, तितकं माझ्या सख्ख्या वडिलांनीही फिरवलेलं नाही. माझे वडील रंभाजी भिंगारदिवे सुप्याला कारखान्यात आहेत. मागच्या रांगेत बसलेत. त्यांनाही ही हकिगत आजच कळणार आहे.

थोडं मागं जावं लागेल. मॅडम पुण्याहून इथं आल्या त्या एका प्रश्नाचं उत्तर शोधायला. ज्या माणसाला क्षयही आहे आणि एचआयव्हीही आहे, त्याला क्षयाची औषधं इतरांसारखीच लागू पडतात का? प्रश्न साधा. पण उत्तर मिळायचं तर औषध सुरू केलेल्या प्रत्येक माणसाचं पुढं काय झालं ते कळायला हवं. बरा झाला, वारला, मुंबईला गेला, काहीही असो, कळायला हवं. आणि आमच्याकडं घोडं अडायचं ते तिथंच. लोक महिना-दोन महिने यायचे, अंगावर जरा मांस धरलं की यायचे बंद व्हायचे. मोठ्या शहरांतल्या अहवालांत अशा माणसांसाठी एक खास शब्द असतो, 'संपर्क तुटला'. मॅडमना त्या शब्दाचा भयंकर राग. म्हणायच्या, "संपर्क तुटला म्हणजे काय रे नितीन? माणूस काय पतंग आहे?"

मग काकासाहेबांनी प्रकल्पाला जीप दिली. नुसती दिली नाही, हौसेनं रंगवून दिली. दोन्ही बाजूंना हातभर लाल अक्षरांत लिहिलं, 'क्षयरोग व एड्स संशोधन प्रकल्प'. अध्यक्ष महाराज, आपण हसताय, पण त्या अक्षरांनी काय केलं ते ऐका. ती जीप पहिल्यांदा सोनईच्या बाजूला एका वस्तीवर गेली. पुढं जीप, जीपमागं पोरं, पोरांमागं कुत्री आणि सगळ्यांच्या मागं दोन-चार रिकामे कारभारी. आमचा पेशंट उसातून जो निसटला तो थेट शेजारच्या तालुक्यात, बहिणीच्या घरी. आमचे ड्रायव्हर पुंजाराम परत येताना मॅडमना म्हणाले, "मॅडम, ही गाडी न्हाई, ही दवंडी हाय."

दुसऱ्या दिवसापासून जीपचे ब्रेक बिघडले. ते अजून दुरुस्त झालेले नाहीत. आणि मॅडमनी काकासाहेबांना विनंती केली, की आठवड्यातून एक दिवस तुमची पांढरी अँबॅसिडर मिळाली तर उपकार होतील. काकासाहेबांनी कशाला हवी म्हणून एका शब्दानं विचारलं नाही. हा मनाचा मोठेपणा झाला. पण साहेब, विचारायला हवं होतं. आपल्या भागात स्वच्छ धुतलेली पांढरी अँबॅसिडर, पुढं ड्रायव्हर, मागं जरीकाठी साडी नेसलेली अनोळखी बाई, अशी गाडी एखाद्या गावात शिरली तर लोक काय समजतात?

इथून पुढं मी जे सांगणार आहे, त्यातली नावं बदललेली आहेत. गाव कुठलं ते सांगणार नाही, समाज कुठला तेही सांगणार नाही. त्या घराची परवानगी मात्र घेतली आहे. पुंजाराम स्वतः जाऊन आले. घरातल्या आजी म्हणाल्या, "सांगा बापू खुशाल. पन आमच्या पोरीच्या सासरचं कोन बसलंय का ते आदी बघा." मी बघितलंय. कुणी नाही.

त्या आजींना आपण आजच्यापुरतं भागिरथीबाई म्हणू. त्यांचा मुलगा ट्रकवर होता, तो आदल्या वर्षी वारला. मागं राहिली सून, माधुरी म्हणू, आणि लग्नाची मुलगी, ज्ञानेश्वरी. माधुरीला क्षय निघाला, रक्तात एचआयव्हीही निघाला. औषध सुरू झालं, खोकला थांबला, आणि एक दिवस ती यायची बंद झाली. मॅडम अस्वस्थ. औषध अर्धवट सोडलं तर क्षय उलटतो, आणि उलटला की तीच औषधं त्याला पुन्हा जुमानतील याचा भरवसा नसतो. या पोरीच्या अंगात तर झुंजायला बळच कमी. ती जगणार की नाही हे त्या उरलेल्या गोळ्यांवर होतं.

तर अँबॅसिडर त्या गावच्या पारापाशी थांबली. पारावरच्या मंडळींनी विचारलं, कुणाकडं? पुंजारामनी घर सांगितलं. पुढचा प्रश्न आला, काय काम काढलं? आता पुंजाराम माणूस सरळ. त्यांना काही सुचेना. तेवढ्यात पारावरच्याच एकानं गाडीत डोकावून म्हटलं, "पोरगी बघायला आलाय जनू?" पुंजारामनी मान हलवली. एवढंच. या इसमानं तोंडातून चकार शब्द काढला नाही आणि माझं स्थळ निघालं.

गाडी वळून घरापर्यंत पोचायच्या आत बातमी पोचलेली. मॅडम ओसरीवर पाऊल ठेवतात तो काय, अंगणात सडा पडलाय, सतरंजी अंथरलीय, आतून पोह्यांच्या फोडणीचा वास येतोय, शेजारच्या चार बायका येऊन बसल्यात. आणि ज्ञानेश्वरी डोक्यावर पदर घेऊन पाण्याचा तांब्या घेऊन उभी. मॅडमना वाटलं, किती अगत्यशील माणसं आहेत.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात माधुरी आली. तिनं मॅडमना ओळखलं आणि हातातलं पातेलं तसंच धरून उभी राहिली. भागिरथीबाईंनी सुनेच्या चेहऱ्याकडं बघितलं, मग मॅडमकडं बघितलं, आणि सगळं समजल्या. शेजारणी टक लावून बसलेल्या. त्या बाईंनी तेव्हा "तुम्ही दवाखान्यातल्या का?" एवढंच विचारलं असतं, तर संध्याकाळपर्यंत गावानं त्या घराचं पाणी बंद केलं असतं, आणि ज्ञानेश्वरीच्या लग्नाचं तर नावच सोडा. पण त्यांनी पदर सावरला आणि विचारलं, "मुलगा काय करतो?"

आता मॅडमना तुम्ही ओळखता. या बाईनं आयुष्यात खोटं बोलायचा सराव केलेला नाही. त्यांना त्या क्षणी दवाखान्यातलं एकच अविवाहित माणूस आठवलं. म्हणाल्या, "आमच्या दवाखान्यातच असतो. भाचा आहे माझा. दुर्बिणीतून तपासतो."

"काय तपासतो?" शेजारीण म्हणाली.

"बारीकसारीक," मॅडम म्हणाल्या.

पोहे झाले, चहा झाला. मग भागिरथीबाई म्हणाल्या, चला, घर दाखवते. आणि आत चुलीपाशी नेऊन त्यांनी मॅडमचा हात धरला. पुंजाराम पाणी प्यायच्या निमित्तानं मागच्या दारी होते, त्यांनी ऐकलेलं सांगतो. त्या म्हणाल्या, "म्या काय हिला मारायला टपले न्हाई, बाई. लेक गेला, आता हीच माजा लेक. पन दर म्हैन्याला ही दवाखान्यात जाया लागली आन लोकं इचाराया लागली. पोरीचं लगीन व्हायचंय. ह्या घरात असलं काय हाय म्हनून कळलं, तर दारात कोन उभं ऱ्हाईल?" मॅडम काही बोलणार तेवढ्यात त्याच पुढं म्हणाल्या, "तुमी आता पोरगी बघून गेलात. आवडली म्हना. परत या. देन्याघेन्याचं बोलत ऱ्हा, मुलाच्या सुट्टीचं बोलत ऱ्हा, बोलनी लांबवा. गोळ्या तेवड्या आनत चला."

मित्रहो, पुण्यातल्या अभ्यासमंडळानं मंजूर केलेली प्रकल्पाची कार्यपद्धती चांगली जाडजूड होती. तिच्यात हे नव्हतं.

तेव्हापासून दर पंधरवड्याला मॅडम बोलणी लांबवायला जायच्या. बरोबर पेढ्यांचा पुडा. वरच्या थरात पेढे, खालच्या थरात गोळ्या. येताना त्याच पुड्यातून परत काय यायचं, ते जिलेबीमुळं सांगत नाही, पण ते माझ्याकडं तपासायला यायचं. आणि मला पत्ता नाही. मी आपला काचेवर पसरतोय, रंगवतोय, दुर्बिणीत बघतोय, आणि मनात म्हणतोय, या डबीला पेढ्याचा वास का येतो?

पुंजारामना तर ही युक्ती इतकी मानवली की त्यांनी ती गावोगाव चालवली. ज्या घरात पेशंट, त्या घरात किंवा शेजारच्या घरात लग्नाचं कुणी ना कुणी असतंच. मग "कोणत्या पाहुण्यांतले?" असा प्रश्न आला की पुंजाराम त्या गावाच्या सोयीचं उत्तर द्यायचे. एका वर्षात मी किती जातींत जन्मलो याचा हिशेब मी ठेवलेला नाही. आमच्या घरात छप्पन सालापासून पत्रिका, मुहूर्त सगळं बंद. तरी एका गावात माझा मंगळ कडक आहे अशी चर्चा झाली. व्यासपीठावरून जातिनिर्मूलनावर पुष्कळ भाषणं होतात, ती व्हावीतही. पण ड्रायव्हरच्या एका वाक्यात सगळ्यांना सारखाच चालणारा जावई या जिल्ह्यात मी एकटाच.

मला हे कळलं ते असं. एक दिवस माझ्या खोलीच्या दारात फेटा बांधलेले एक गृहस्थ येऊन उभे राहिले. गोरक्षमामा म्हणू त्यांना. भागिरथीबाईंचे दीर. त्यांना शंका आली होती, की इतके महिने नुसती बोलणीच चाललीत, तर मुलगा खरंच आहे का? का आणखी काही आहे? ते खात्री करायला नगरच्या एस.टी.नं आले होते. माझ्या टेबलावर त्या वेळी डब्यांची रांग, आणि त्यांतल्या एकीवर त्यांच्याच घराचं नाव.

मामा म्हणाले, "आमच्या ज्ञानेश्वरीसाठी बोलनी चाललीत ते तुमीच का?"

मला काही कळेना. कोण ज्ञानेश्वरी? मी "नाही" म्हणायला तोंड उघडलं, तर मामांच्या मागं खिडकीत पुंजाराम. दोन्ही हात जोडून मान वर-खाली करतायत. मी पुंजारामना कधी हात जोडलेलं पाहिलं नव्हतं. म्हणून म्हटलं, "हो. मीच."

"आडनाव काय म्हनलं?"

आता कुठलं सांगू? खिडकीत पुंजारामही गोंधळलेले. मी आपली एक रिकामी डबी उचलली, मामांच्या हातात दिली आणि अगदी अदबीनं म्हणालो, "मामा, बोलू सावकाश. आधी यात जरा थुंका. इथं येणाऱ्या प्रत्येकाचं आम्ही तपासतो. त्यासाठीच मला ठेवलंय."

मामांनी डबीकडं बघितलं, टेबलावरच्या रांगेकडं बघितलं, माझ्या हातांकडं बघितलं. चहा नको म्हणाले आणि आल्या पावली फाटकाबाहेर. गावात जाऊन त्यांनी सांगितलं, की मुलगा खरा आहे, दिसायला बरा आहे, पण लोकांची थुंकी चिवडतो. शंका मिटली. माझी अब्रू गेली, पण शंका मिटली.

त्या संध्याकाळी मॅडमनी मला सगळं सांगितलं. मी थोडा रागावलो होतो, खोटं कशाला बोलू. म्हटलं, "मॅडम, आज ना उद्या त्या दुसऱ्या आजारानं ती जाणारच ना? त्याला औषध नाही. मग एवढा खटाटोप कशासाठी?" मॅडम म्हणाल्या, "परदेशात औषध निघालंय, नितीन. आपल्या लोकांना परवडेल असं आज नाही, पण येईल. आणि ते येईल तेव्हा ते घ्यायला माणूस शिल्लक हवा ना?" मग डबी माझ्याकडं सरकवून म्हणाल्या, "बघ, मुलीकडचं आलंय."

शेवटची डबी आली त्या दिवशी मी काच दुर्बिणीखाली घेतली. एका बाजूनं दुसऱ्या बाजूपर्यंत पाहिली. परत पाहिली. लाल काडी, म्हणजे क्षयाचा जंतू, एकही नाही. नुसता निळा रंग. पहिल्या महिन्यात याच घराच्या काचेवर मी काड्यांची गर्दी पाहिली होती. काहीच न दिसणं इतकं छान असतं हे मला त्या दिवशी कळलं. मी दुर्बिणीवरून डोळा काढला नाही, कारण तो पुसावा लागला असता.

पण आता पेच. औषध संपलं, म्हणजे बोलणीही संपायला हवीत. आणि महिनोन्महिने चाललेलं स्थळ मुलाकडच्यांनी मोडलं, तर बट्टा कुणाला लागतो? मुलीला. लोक म्हणणार, काहीतरी असेल म्हणूनच सोडली. मॅडम त्या दिवशी गाडीत बसल्या तेव्हा त्यांच्याजवळ माझा रिपोर्ट होता आणि पुढं काय बोलायचं ते अजिबात ठरलेलं नव्हतं.

ते भागिरथीबाईंनी ठरवून ठेवलं होतं. आतल्या खोलीत मॅडमनी रिपोर्ट सांगितला. त्यांनी तो सुनेकडून दोनदा वदवून घेतला. मग ओसरीवर आल्या, अंगणात गोरक्षमामा आणि शेजारणी बघून घेतल्या, आणि आवाज चढवला. "न्हाई म्हंजे न्हाई. थुंकी चिवडनाऱ्याच्या हातात मी माजी पोर देनार न्हाई. लई झाली बोलनी. पुन्ना ह्या दारात पाऊल टाकू नका, सांगून ठिवते."

गोरक्षमामा म्हणाले, "बराबर हाय वैनींचं."

झालं. मुलीकडच्यांनी नकार दिला. दवाखान्यातला पगारी मुलगा नाकारला म्हणून ज्ञानेश्वरीचा भाव वाढला, आणि गेल्या वैशाखात तिचं चांगल्या घरी लग्न झालं. मला बोलावणं नव्हतं, आणि ते रीतीला धरूनच होतं.

पण आपल्याकडं भांडून निघालेल्या सवाष्णीलाही रिकाम्या ओटीनं पाठवत नाहीत. भागिरथीबाई म्हणाल्या, थांबा, ओटी भरते. आत गेल्या. आणि आत त्यांनी ताट उचलून सुनेच्या हातात दिलं. माधुरी मागं सरली. विधवेनं ओटी भरायची नसते, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तूच भर. ह्यांनी तुला दिलंय, मला न्हाई." तिनं नारळ, तांदूळ आणि हिरव्या खणाचा तुकडा मॅडमच्या पदरात घातला. हे मला मॅडमनीच सांगितलं.

त्या दिवशी प्रयोगशाळेत मी पेढे वाटले. नकार आला म्हणून पेढे वाटणारा नवरामुलगा सिस्टरांनी पहिल्यांदाच पाहिला. त्यानंतर अशा पुष्कळ घरांनी मला नाकारलं. इतक्या, की मी आज सांगितलेलं घर कोणतं हे कुणाच्या बापाला ओळखता यायचं नाही. मात्र सगळीकडं नकारापर्यंत पोचता आलं नाही. काही घरी पेढ्यांचा पुडा पोचला तेव्हा दारात मयताला जमलेली माणसं पांढऱ्या टोप्या घालून बसलेली होती. ती नावंही मॅडमच्या अभ्यासात आहेत. त्यांचा संपर्क तुटला असं मॅडमनी कुठंही लिहिलेलं नाही.

पुण्याला मॅडमनी हा अभ्यास वाचला तेव्हा मी मागच्या खुर्चीवर होतो. एका मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, ग्रामीण भागात इतके कमी रुग्ण उपचारातून मधेच सुटले, आपण कोणती पद्धत वापरली? मॅडम गंभीरपणे म्हणाल्या, "स्थानिक चालीरीतींचं सहकार्य घेतलं." ते डॉक्टर आज व्यासपीठावर आहेत. सर, ती चालरीत म्हणजे मी.

या सगळ्याचा एक दुष्परिणाम तेवढा राहिला. मागच्या महिन्यात वडील माझ्यासाठी एका खऱ्या स्थळाकडं गेले, तर तिथं त्यांना विचारलं, "हाच का तो, सगळ्यांनी नाकारलेला?" बाबा, त्याचं उत्तर आज मिळालं. मॅडम, तुम्ही जाताय, पण ही जबाबदारी तुमची.

आणि ती माधुरी? ती आहे. शेतात जाते, सासूशी भांडते. वजनही वाढलंय. ते औषध अजून आपल्याकडं आलेलं नाही, पण ते घ्यायला ती शिल्लक आहे. मॅडमनी आज जी साडी नेसलीय तिच्यावरचा हिरव्या खणाचा ब्लाउज तुम्ही सगळ्यांनी मघापासून पाहिला असेल. जपून ठेवला होता, आज घातला. मी अजून काय बोलू?

आयोजकांचे आणि काकासाहेबांचे आभार, माझी पाच मिनिटं किती लांबली ते न पाहिल्याबद्दल आपणा सर्वांचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, वयानं मोठ्या माणसांची थट्टा झाली असेल, तर घरचंच पोर बोललं असं समजून पोटात घाला.

शेवटी एकच विनंती, अध्यक्ष महाराज. ती अँबॅसिडर विकू नका. ते औषध ज्या दिवशी या जिल्ह्यात येईल, त्या दिवशी मॅडमना पुण्याहून बोलावून घेऊ आणि पेढ्यांचा पुडा घेऊन त्या घरी जाऊ. पुन्हा या दारात पाऊल टाकू नका असं त्यांनी बजावलंय खरं. पण मला वाटतं, आम्ही येऊ म्हणून भागिरथीबाई दाराकडंच बघत असतील.